थेंबाचा जमाखर्च

मध्यंतरी काही कामानिमित्त आम्हांस हिरकणीवाडीस जावे लागले. महाडहून रायगडाची वाट धरली म्हणजे नाते, कोंझर, पाचाड ही गावे मागे टाकीत सुमारे 25 किलोमीटरांवर आपण गडाच्या पायथ्याशी येतो. 1996 साली गडावर जाण्यासाठी रज्जुमार्ग झाला, त्याचे खालचे ठाणे या वाडीत आहे. त्यामुळे बाहेरगावच्या माणसाला हिरकणीवाडी ठाऊक असते ती बहुधा पाळण्यात बसण्याची जागा म्हणून. आम्ही मात्र एका घराच्या ओटीवर बसलो होतो. घरातल्या आजींना काचबिंदू झालेला. त्यांचा नातू बाटलीतून औषध घालीत होता. एका डोळ्यात तीन थेंब, दुसऱ्या डोळ्यात तीन. पहिल्या थेंबाने डोळा भरला, दुसऱ्याने पापणीचा काठ ओलांडला आणि तिसरा गालावरच्या सुरकुत्यांतून वाट काढीत हनुवटीपर्यंत गेला. आजींनी पदराने गाल पुसला, एक आवंढा गिळला आणि समाधानाने म्हणाल्या, "घशाशी कडू लागलं बघा. म्हंजे औषध पोचलं."

आम्ही त्या वेळी मान डोलावली, कारण आम्हांसही तसेच वाटत होते. पुढे या विषयावरचे वाचन घडले, तेव्हा कळले की आजींचे वाक्य अर्धे खरे होते. औषध पोचले होते खरे. पण डोळ्यात नव्हे, घशात. जो कडवटपणा त्या औषध लागू पडल्याची खूण म्हणून धरीत होत्या, तो औषध वाया गेल्याची खूण होता.

डोळ्यात घातलेला थेंब जातो कोठे, हा प्रश्न दिसायला पोरकट आहे. तथापि त्याचे नीट उत्तर मिळण्यास माणसाला काही हजार वर्षे लागली, आणि शेवटी त्यासाठी गणकयंत्राची मदत घ्यावी लागली. त्या प्रश्नाचा इतिहास आज श्रोत्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. विषय नेत्रवैद्यांचा असला तरी त्याचा हिशेब शेवटी रोग्याच्याच खिशाशी आणि दृष्टीशी येऊन भिडतो. म्हणून तो सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे.

थेंब मोजणारे पूर्वज

आपल्या प्राचीन वैद्यांनी नेत्रोपचाराचा विचार किती बारकाईने केला होता हे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रावरून दिसते. डोळ्यात औषधाचे थेंब सोडण्याला ते आश्च्योतन म्हणत. याशिवाय औषधाची धार धरणे तो सेक, डोळ्याभोवती पिठाचे आळे करून त्यात तूप धरून ठेवणे ते तर्पण, आणि डोळ्यात औषध लावणे ते अंजन. थेंबांची संख्यासुद्धा सांगितलेली आहे. दोष खरवडून काढावयाचा असेल तर सात किंवा आठ, स्निग्धता आणावयाची असेल तर दहा, व्रण भरून यावयाचा असेल तर बारा. वाग्भटाने तर कृतीही दिली आहे. रोग्याला वारा नसलेल्या जागी बसवावे, डाव्या हाताने डोळा उघडावा आणि कापसाच्या वातीने दोन अंगुळे उंचीवरून नाकाकडच्या कोपऱ्यात दहा-बारा थेंब सोडावेत.

येथे आमच्यापैकी काहींना असे म्हणण्याचा मोह होतो की, पाहा, सारे काही आमच्या ग्रंथांत होतेच. हा मोह आवरला पाहिजे. संख्या सांगणे ही मोठी गोष्ट खरी; औषध मापात द्यावे, आणि उपचार बदलला की माप बदलावे, ही जाणीव त्या संख्येत आहे. परंतु बारा थेंब सोडल्यावर त्यांतले किती आत शिरले हा प्रश्न त्या काळी कोणास विचारता येण्यासारखा नव्हता. शिवाय नाकाकडच्या ज्या कोपऱ्यात थेंब सोडावयास सांगितले, त्याच कोपऱ्यात आसवे नाकात वाहून नेणारी दोन सूक्ष्म छिद्रे आहेत. पाणी भरावयाचे आणि मोरीच्या तोंडाशी ओतावयाचे, असा तो प्रकार झाला. पृष्ठभागावरच्या रोगात डोळा धुऊन निघत असे आणि गुणही येत असे. पण रोग आत असला म्हणजे त्या उपायाचे हात तोकडे पडत.

आमच्या घरोघरच्या रिवाजांचीही गत याहून निराळी नव्हती. तान्ह्या मुलाच्या डोळ्यात आईच्या दुधाचे थेंब, एरंडेलाचे काजळ, कोठे मध, कोठे सुरमा. यांतल्या काही सुरम्यांत शिसे असते, आणि ते लेकरांच्या अंगात भिनते, हे पुढे सिद्ध झाले. डोळ्यात घातलेले डोळ्यातच राहते ही समजूत सर्वत्र होती. ती पंडितांचीही होती आणि अडाण्यांचीही होती.

बाहुलीने सांगितलेली साक्ष

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्राने वनस्पतींतून शुद्ध द्रव्ये वेगळी काढावयास सुरुवात केली आणि डोळा एकाएकी संशोधकांचा आवडता अवयव झाला. कारण उघड आहे. यकृतात औषधाने काय केले हे दिसत नाही. डोळ्यात ते आरशात पाहता येते. बेलाडोनातले ॲट्रोपिन 1830 नंतरच्या काही वर्षांत वेगळे झाले. आपल्या माळावरच्या धोत्र्यातही त्याच जातीची द्रव्ये आहेत. त्याचा थेंब घातला की बाहुली रुंदावते. ब्राझीलमधल्या जाबोरांडी नावाच्या झुडपातून 1875 मध्ये पिलोकार्पिन मिळाले. त्याने बाहुली आकसते आणि डोळ्यातला दाब उतरतो, म्हणून ते काचबिंदूवर वापरात आले. 1884 साली व्हिएन्नातील कार्ल कोलर याने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला, आणि नेत्रशस्त्रक्रियेचा इतिहासच पालटला.

या सर्व औषधांनी बाहुलीकरवी साक्ष दिली की थोडे तरी द्रव्य आत जाते. पण थोडे म्हणजे किती? आणि बाकीचे कोठे? यासंबंधी पुढची ऐंशी-नव्वद वर्षे सारे अंदाजावर चालले. थेंबाचा आकार कोणी विचारपूर्वक ठरविला नव्हता. काचेच्या नळीच्या तोंडातून जेवढा पडेल तेवढा थेंब. रोग बळावला की थेंब वाढवावयाचे. हिरकणीवाडीचा नातू जे करीत होता त्याला मोठी परंपरा आहे.

याच काळात मलमाचा उपयोग मात्र अनुभवाने पक्का झाला. मलम थेंबापेक्षा जास्त वेळ टिकते. आपल्या देशात खुपऱ्यांच्या रोगाने एके काळी घरेच्या घरे अधू केली होती. त्याविरुद्ध 1963 साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा तिचा मुख्य आधार होता टेट्रासायक्लिनचे मलम. पुढे इतर औषधे आली, पाणी आणि स्वच्छता सुधारली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरला नसल्याचे जाहीर केले. औषध कोणते, याइतकेच ते किती वेळ टिकते यालाही महत्त्व आहे, हा धडा मलमाने शिकविला.

मापे हाती आली

1937 साली स्वीडनमधल्या उप्साला येथील टॉर्स्टेन टेओरेल या शास्त्रज्ञाने एक नवा विचार मांडला. शरीर म्हणजे एकमेकांस जोडलेले कप्पे समजावेत: रक्त एक, मांसपेशी दुसरा, उत्सर्जनाची वाट तिसरी. प्रत्येक कप्प्यात क्षणाक्षणाला किती द्रव्य आले आणि किती गेले याची समीकरणे लिहावीत. दुकानदार जसा रोजचा जमाखर्च मांडतो, तसाच हा औषधाचा जमाखर्च. विचार सोपा होता. पण अनेक कप्प्यांची समीकरणे हाताने सोडविणे म्हणजे जन्म घालविणे. त्यामुळे त्याची थोरवी ओळखली जाण्यास बराच काळ जावा लागला.

डोळ्याचा जमाखर्च मांडण्यास आधी मापे हवी होती. 1966 साली साइइची मिशिमा या जपानी नेत्रतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह ती घेतली. डोळ्यात चमकणारा रंग सोडून तो किती वेगाने फिका होतो हे त्यांनी मोजले. माणसाच्या डोळ्यात एका वेळी आसवे असतात सुमारे 7 मायक्रोलिटर. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. पापण्यांच्या खोबणीत फार तर 30 मायक्रोलिटर मावतात. नवी आसवे दर मिनिटाला 1.2 मायक्रोलिटर येतात आणि तेवढीच जुनी नाकाच्या वाटेने जातात.

आता बाजारातल्या बाटलीचा थेंब घ्या. तो 30 ते 50 मायक्रोलिटरांचा असतो. म्हणजे मावते त्याहून जास्त आपण पहिल्याच थेंबात ओततो! दुसरा आणि तिसरा थेंब घालणे म्हणजे भरलेल्या हंड्यात पाणी ओतणे होय. जे उरते त्याचाही हिशेब सोपा आहे. 7 मायक्रोलिटरांतले 1.2 दर मिनिटाला जातात, तर सुमारे 4 मिनिटांत औषध निम्मे होते, 8 मिनिटांत चौथाई आणि 20 मिनिटांत बत्तिसावा भाग. प्रत्यक्षात थेंब मोठा असला की पापण्यांच्या उघडझापीने जादा द्रव याहूनही लवकर नाकाकडे ढकलला जातो. डोळ्याने परकी वस्तू धुऊन काढावी ही निसर्गाची योजना आहे. औषध आणि धूळ यांत तो भेद करीत नाही.

बुरूज आणि वाट

या ठिकाणी हिरकणीची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. गडाखालची ही गवळण दूध घेऊन रायगडावर गेली, सूर्यास्ताला दरवाजे मिटले, आणि घरी तान्हे मूल असल्यामुळे ती रात्रीच्या रात्री कडा उतरून खाली आली, अशी आख्यायिका आहे. महाराजांनी तिचा गौरव केला आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधला. आख्यायिकेला आख्यायिकेप्रमाणेच मान द्यावा. पण तिच्यात एक व्यवहाराचे शहाणपण आहे. गडाला महादरवाजा आहे, चोरवाटा आहेत आणि जेथे वाट नाही असे आपण समजतो तेथूनही कोणी जाऊ शकते. गड खरा कळतो तो सगळ्या वाटा मोजल्यावर.

डोळाही असाच बांधलेला आहे. त्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला स्वच्छमंडल म्हणतात. त्याची जाडी अवघी अर्धा मिलिमीटर. पण ती तटबंदी दुहेरी आहे. सर्वांत बाहेरचा पातळ थर स्निग्ध आहे. त्यातून तेलात विरघळणारी द्रव्ये जातात आणि पाण्यात विरघळणारी अडतात. आतला जाड थर पाण्याने भरलेला आहे. तेथे तेलकट द्रव्ये अडखळतात. दोन्हीकडे ज्याची ओळख आहे तेच औषध पार होते. सामान्यतः थेंबातल्या 100 भागांपैकी 5 भागही आत पोचत नाहीत. पुष्कळदा एक-दोनच पोचतात.

आत गेलेल्या या एक-दोन भागांनाही विश्रांती नाही. बुबुळाच्या पुढे-मागे जे नेत्रजल असते, ते सुमारे 250 मायक्रोलिटर. आणि दर मिनिटाला 2.5 मायक्रोलिटर नवे येऊन तेवढेच बाहेर जाते. शेकडा एक या गतीने निम्मे औषध जाण्यास सुमारे 70 मिनिटे लागतात. बाहेर 4 मिनिटे आणि आत 70 मिनिटे. या दोन आकड्यांतल्या अंतरावर डोळ्याच्या औषधशास्त्राची सारी इमारत उभी आहे. पहिल्या चार-पाच मिनिटांत जे आत शिरले तेच कामाचे.

यंत्र कशाला हवे?

श्रोते म्हणतील, एवढा हिशेब तर तुम्ही तोंडी केलात. मग गणकयंत्र कशाला? त्याचे उत्तर महाडकरांना सांगणे सोपे आहे. जुलै 2021 चा पूर येथे कोणी विसरले नसेल. महाडात पाणी किती चढेल हे एकट्या सावित्रीवर ठरत नाही. वरच्या घाटात पाऊस किती पडला, काळ आणि गांधारी या नद्यांनी किती पाणी आणले, खाडीला त्या वेळी भरती होती की ओहोटी, नदीचे पात्र किती भरून आले आहे, या सर्वांचा परिणाम एकाच वेळी होतो, आणि प्रत्येकाचा दुसऱ्यावरही होतो. एक एक नदी वेगळी मोजून पूर सांगता येत नाही.

डोळ्याचेही तेच. आसवे, स्वच्छमंडल, नेत्रजल, बुबुळाचा रंगीत पडदा, भिंग, मागचा काचाभ द्रव आणि रक्त असे सातच कप्पे धरले, तरी त्यांच्यामधली दारे दोन्ही बाजूंनी उघडतात. एका थेंबाचा 6 तासांचा प्रवास सेकंदासेकंदाने मांडावयाचा म्हटले तर 21,600 पायऱ्या. आणि सात कप्प्यांच्या मिळून दीड लाखावर नोंदी. औषध बदलले की पुन्हा आरंभापासून. हे काम माणसाने करू नये. ते यंत्राला द्यावे. यालाच प्रतिमान म्हणतात. प्रतिमान म्हणजे डोळ्याचे चित्र नव्हे. ते डोळ्याचे हिशेबाचे बाड आहे.

अशी यंत्रे आपल्या देशात आली त्या कथेचा एक धागा याच परिसरात आहे. रायगडाच्या वाटेवरचे नाते हे चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव. त्यांचा जन्म 1896 चा. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री झाले हे सर्वांस ठाऊक आहे. पण 1945 पासून 1964 पर्यंत ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते, आणि त्याच संस्थेत 1955-56 च्या सुमारास भारतातले पहिले अंकीय गणकयंत्र आले, ही गोष्ट कमी ठाऊक आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेले टिफ्रॅक 1960 मध्ये चालू झाले. 1964 मध्ये तेथे सीडीसी 3600 हे मोठे यंत्र आले. आणि पुण्यात 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक तयार झाला. जी आकडेमोड त्या काळी मोठ्या दालनात मावणाऱ्या यंत्रांना करावी लागे, ती आज मांडीवरच्या संगणकावर होते.

डोळ्याच्या प्रतिमानाचा पाया मात्र अमेरिकेत घातला गेला. 1976 साली पॅटन आणि रॉबिन्सन यांनी सशांच्या डोळ्यात पिलोकार्पिनचे थेंब घालून ते कोणत्या वाटेने किती जाते याची मापे प्रसिद्ध केली. 1977 मध्ये पॅटन यांनी दाखविले की थेंब लहान केला तर औषधाचा मोठा हिस्सा कामी येतो. 1978 मध्ये हिमेल्स्टाइन, गुवेनिर आणि पॅटन यांनी पिलोकार्पिनच्या प्रवासाचे प्राथमिक प्रतिमान मांडले. त्याच सुमारास काचबिंदूवर टिमोलॉल हे नवे औषध आले, आणि जमाखर्चाच्या दुसऱ्या बाजूकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले.

वाया गेलेले कोठे जाते?

टिमोलॉल डोळ्यातला दाब चांगला उतरविते. पण ते रक्तात गेले तर हृदयाची गती मंदावते आणि श्वासनलिका आकसतात. एका थेंबात ते 0.2 मिलिग्रॅम असते. एवढ्याशा मात्रेने काय होणार, असे वाटेल. परंतु पोटात घेतलेले औषध आधी यकृतातून जाते आणि तेथे त्याचा बराच भाग निकामी होतो. नाकाच्या आतल्या त्वचेतून शोषलेले औषध यकृताची चौकी चुकवून सरळ रक्तात जाते. टिमोलॉल वापरात आल्यावर दम्याच्या काही रोग्यांना श्वासाचा गंभीर त्रास झाल्याच्या नोंदी झाल्या, त्याचे कारण हेच. डोळ्याचे औषध छातीला लागले. वाया गेलेला थेंब नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर जमा होतो.

यावरचा उपाय विलक्षण स्वस्त निघाला. 1984 साली झिमरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की थेंब घातल्यावर 5 मिनिटे डोळे मिटून ठेवले, किंवा नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरला, तर रक्तात जाणारे औषध 60 टक्क्यांहून अधिक घटते. डोळ्यात ते जास्त वेळ राहते हा लाभ वेगळाच. याला ना यंत्र लागते, ना पैसा. बोट ज्याचे त्याच्याजवळ असते.

पैशाचाही हिशेब करून पाहू. 5 मिलिलिटरांच्या बाटलीत 40 मायक्रोलिटरांचे 125 थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत दोन वेळा एक एक थेंब, म्हणजे दिवसाला 4. बाटली 31 दिवस पुरते. तीन तीन घातले तर दिवसाला 12. बाटली 10 दिवसांत संपते. आणि बाटलीचे तोंडच असे केले की थेंब 20 मायक्रोलिटरांचा पडावा, तर तीच बाटली दोन महिने चालावी. काचबिंदूचे औषध जन्मभर घ्यावयाचे असते. बाटली महिना-अखेरीपूर्वी संपली की गरिबाघरी काय होते हे सांगावयास नको. पुढचा पैसा हाती येईपर्यंत औषध बंद राहते. काचबिंदू दुखत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूप्रमाणे शस्त्रक्रियेने ती आणता येत नाही.

आमच्याच नात्यातल्या एका गृहस्थांना काचबिंदूसाठी दोन औषधे सांगितली होती. एकामागून एक, लागलीच, अशी ते ती वर्षभर घालीत होते. दुसऱ्या थेंबाने पहिला धुऊन जातो, मध्ये निदान 5 मिनिटे जाऊ द्यावीत, हे त्यांना वर्षभर कोणी सांगितले नाही. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. दवाखान्यात गर्दी होती आणि ही गोष्ट फारच क्षुल्लक वाटत होती, इतकेच.

पांढरा ससा आणि काळे बुबुळ

येथवर प्रतिमानाचा गुणगौरव झाला. आता त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. यंत्र आकडे निर्माण करीत नाही. आपण दिलेल्या आकड्यांवर ते हिशेब करते. ते आकडे आले कोठून? बहुतांशी न्यूझीलंड जातीच्या पांढऱ्या सशांपासून. ससा मिनिटाला पंधरा वेळा पापणी मिटीत नाही. तो तासाला चार-पाच वेळा मिटतो. त्याच्या डोळ्यात औषध माणसापेक्षा जास्त टिकते. त्याचा काचाभ द्रव सुमारे दीड मिलिलिटर, माणसाचा 4 मिलिलिटर. 1997 साली टोरोंटोच्या फ्रीड्रिख, चेंग आणि सॅव्हिल यांनी या काचाभ द्रवाचे बारीक बारीक तुकडे कल्पून त्यातून औषध कसे पसरते याचे प्रतिमान केले. सुई कोठे टोचली यावर दृष्टिपटलापर्यंत किती पोचते हे अवलंबून असते, असे त्यात दिसून आले. मधुमेहाने वा वार्धक्याने दृष्टिपटल बिघडलेल्या रोग्यांच्या डोळ्यात आज सुईने औषधे दिली जातात, तेव्हा अशा हिशेबांचे मोल ध्यानात येते. पण ससा आणि माणूस यांमधले अंतर प्रत्येक वेळी नव्याने भरून काढावे लागते.

आणखी एक अंतर आहे, ते आम्हांस विशेष जवळचे. पांढऱ्या सशाचे डोळे लाल असतात, कारण त्यांत मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य नसते. आमच्या डोळ्यांत ते भरपूर असते. हे द्रव्य ॲट्रोपिन, पिलोकार्पिन, टिमोलॉल यांसारख्या औषधांना धरून ठेवते आणि सावकाश सोडते. परिणाम उशिरा होतो, कधी कमी होतो, आणि कधी जास्त काळ टिकतो. 1929 सालीच चेन आणि पोथ यांनी निरनिराळ्या वंशांच्या लोकांत थेंबांनी बाहुली किती रुंदावते हे मोजले होते. फिकट बुबुळांत ती जास्त रुंदावली, गडद बुबुळांत कमी. म्हणजे ज्या प्रतिमानात काळ्या बुबुळाचा कप्पा घातलेला नाही, त्याचे उत्तर कितीही अचूक दशांशांत आले तरी ते हिरकणीवाडीच्या आजींचे उत्तर नव्हे.

यावरून प्रतिमाने टाकाऊ ठरतात असे नाही. उलट अशी प्रतिमाने बिनचूक होत गेली तर हजारो प्राण्यांचे हाल वाचतील, आणि स्वस्त औषध मूळ औषधाइतकेच काम करते की नाही हे रोग्यांवर दीर्घकाळ प्रयोग न करता ताडून पाहता येईल. जो देश जगाला स्वस्त औषधे पुरवितो त्याला यात मोठेच स्वारस्य आहे. पण त्यासाठी आपल्याच लोकांच्या डोळ्यांची मापे आपणच घेतली पाहिजेत: आसवे किती, थेंबाचा निचरा किती वेगाने होतो, बुबुळ औषध किती धरून ठेवते. शेतात राबून, चुलीच्या धुरात बसून, उन्हाने तापलेल्या डोळ्यांची मापे. यंत्र आज कोणालाही विकत मिळते. मापे विकत मिळत नाहीत. 1976 साली आपल्या देशाने अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. मोतीबिंदूच्या शिबिरांनी लाखोंना दृष्टी दिली. त्याच जोमाने हे मोजण्याचे काम व्हावे, एवढीच आमची इच्छा आहे.

असो. इतिहास सांगताना शेवटी काय झाले हे सांगावे लागते. पुढच्या खेपेस आम्ही हिरकणीवाडीस गेलो, तेव्हा नातवाला बाजूस घेऊन वाचलेले सांगितले. खालची पापणी ओढून खोबण करावी, एकच थेंब सोडावा, डोळे मिटावेत आणि नाकाजवळचा कोपरा पाच मिनिटे दाबून धरावा. मात्रा डॉक्टरांनी सांगितलेलीच. फक्त ती डोळ्यातच राहील असे पाहावे. त्याने तसे केले. आजी डोळे मिटून बसल्या. पाच मिनिटे झाल्यावर त्यांनी आवंढा गिळला, थोडा वेळ वाट पाहिली आणि चिंतेने विचारले, "आज कडू नाही लागलं रे. बाटली बदललीस काय?"

नातवाने आमच्याकडे पाहिले. आजींना सात कप्पे आणि समीकरणे कशी सांगावीत? पण ते त्यालाच सुचले. तो म्हणाला, "आजी, बाटली तीच. आजवर आपण गडावर न्यायचं दूध पायथ्यालाच सांडत होतो. आज ते वर पोचलं."